दिव्यावरचा अंधार : बल्बच्या होल्डरची कुळकथा



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी अष्टविनायकांवर, अथर्वशीर्षावर, उकडीच्या मोदकांवर लेख येतात आणि ते यावेतच. यंदा संपादक मंडळींनी मला गाठले व म्हणाले, "काका, इतकी वर्षे मंडपाची वीज तुम्ही सांभाळलीत, त्यातले काहीतरी लिहा." विजेवर लिहायचे म्हटले तर ग्रंथ होईल. म्हणून मी त्यातली सर्वात लहान आणि सर्वात दुर्लक्षित वस्तू निवडली : बल्बचा होल्डर.

बल्बचे नशीब मोठे. त्याच्यावर शाळेच्या पुस्तकात धडा असतो, एडिसनचा फोटो असतो. होल्डरवर धडा नाही, फोटो नाही. दिव्याखाली अंधार असतो असे आपण म्हणतो; छताला टांगलेल्या दिव्याच्या बाबतीत तो अंधार दिव्याच्या वर असतो, आणि नेमका तिथेच होल्डर बसलेला असतो! पण बल्ब आले आणि गेले, होल्डर मात्र सव्वाशे वर्षे तोच आहे. एवढेच नव्हे, तर मंडपात एखाद्या कार्यकर्त्याचा जीव वाचणार की जाणार हेही पुष्कळदा त्याच्यावरच ठरते. म्हणून ही कुळकथा.

आधी होल्डर नव्हताच

इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन हे दोघे एकाच सुमारास, म्हणजे १८७८ ते १८८० या काळात, काचेच्या फुग्यात कार्बनची तार पेटवण्याच्या खटपटीत होते. स्वानच्या सुरुवातीच्या दिव्याला आज दिसते तशी पितळी टोपी नव्हती. काचेतून प्लॅटिनमच्या तारांची दोन वेटोळी बाहेर काढलेली असत. प्लॅटिनमच का? तर तापल्यावर ते जवळजवळ काचेइतकेच प्रसरण पावते, त्यामुळे काच तडकत नाही आणि आतली पोकळी टिकते. ही दोन वेटोळी दोन आकड्यांत अडकवायची आणि एका स्प्रिंगने दिवा ताणून धरायचा. म्हणजे कंदील खुंटीला टांगावा तसा प्रकार! लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ च्या डिसेंबरात स्वानच्या सुमारे बाराशे दिव्यांनी रंगमंच आणि प्रेक्षागृह उजळले.

एडिसनपुढचा प्रश्न वेगळा होता. त्याला एक दिवा विकायचा नव्हता, अख्ख्या शहराला वीज विकायची होती. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे त्याचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. घरोघरी बल्ब गेले की ते जळणार, आणि जळलेला बल्ब बदलायला दर वेळी कारागीर पाठवणे परवडणारे नव्हते. घरच्या माणसाला, कुठलेही हत्यार न घेता, अर्ध्या मिनिटात बल्ब बदलता आला पाहिजे! या गरजेतून आट्यांचा होल्डर जन्माला आला. रॉकेलच्या डब्याचे फिरकीचे झाकण पाहून ही युक्ती सुचली, असे सांगतात. त्या पहिल्या टोप्यांची बैठक लाकडाची होती, मग प्लास्टर ऑफ पॅरिसची झाली, आणि पुढे चिनीमाती व काच आली. बल्ब लावण्याइतकेच बल्ब बदलण्याचेही आधीच ठरवून ठेवणे, ही मला एडिसनच्या शोधातली फार मोठी गोष्ट वाटते. यंत्र बनवणाऱ्याने देखभालीचा विचार केला की देखभाल करणारा त्याला जन्मभर दुवा देतो.

संगीन आणि आटे

एडिसन आणि स्वान यांनी कोर्टकचेऱ्यांत न अडकता १८८३ साली इंग्लंडमध्ये एकत्र कंपनी काढली. पण तिकडे रुळला तो आट्यांचा नव्हे, तर वेगळाच होल्डर. टोपीच्या दोन बाजूंना दोन बारीक पिना. होल्डरच्या कडेला दोन वाकड्या खाचा. बल्ब आत दाबायचा, किंचित फिरवायचा आणि सोडायचा. आतल्या स्प्रिंगा बल्बला बाहेर ढकलतात आणि पिना खाचेत घट्ट बसतात. सैनिकाच्या बंदुकीला संगीन अशीच दाबून फिरवून बसवत, म्हणून इंग्रजीत याचे नाव 'बायोनेट', म्हणजे संगीन. आपल्याकडे त्याला पिनेचा होल्डर म्हणतात. बल्बच्या टोपीत दोन डाखाच्या ठिपक्यांभोवती जी काळी काच दिसते, ती टोपीत भरण्याची पद्धत जोसेफ स्वानचा भाऊ आल्फ्रेड स्वान याने आणली.

या दोन घराण्यांत फरक फक्त बसवण्याचा नाही. आट्यांच्या होल्डरमध्ये तळाच्या मधल्या टोकाला फेज येते आणि आटे असलेले पितळी कडे स्वतःच न्यूट्रलची वाट असते. म्हणजे ज्या धातूला बल्ब फिरवताना बोट लागू शकते, त्यातूनच वीज जाते. पिनेच्या होल्डरमध्ये दोन्ही टोके तळाशी, आत लपलेली असतात आणि बाहेरच्या पितळी टोपीचा विजेशी संबंध नसतो. वायरमनने दोन वायरी उलटसुलट जोडल्या तरी बल्बच्या टोपीत वीज येत नाही. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

मापांची नावेही सोपी आहेत. घरातला पिनेचा होल्डर बी २२, कारण टोपीचा व्यास २२ मिलिमीटर. आट्यांचा नेहमीचा ई २७, म्हणजे २७ मिलिमीटर. 'ई' अर्थातच एडिसनचा. झुंबरातला छोटा ई १४, टॉर्चच्या बल्बचा ई १०, आणि कारखान्याच्या उंच छपराखालच्या मर्क्युरी किंवा सोडियम दिव्यांचा भलामोठा ई ४०. स्कूटरच्या मागच्या दिव्याच्या दोन तारांच्या बल्बला पिना असतात, पण एक वर आणि एक खाली. ती कारखान्याची चूक नाही. ब्रेकचा दिवा आणि रात्रीचा दिवा यांची अदलाबदल होऊ नये म्हणून केलेली ती मुद्दाम योजना आहे!

१८९३ चा योग

लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली ते साल १८९३. तेव्हा पुण्यात समया, कंदील आणि मशाली होत्या. त्याच वर्षी शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच्याच निमित्ताने झालेल्या धर्मपरिषदेत ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंद बोलले, हे आपण सर्व जाणतो. ते प्रदर्शन उजळण्याचे काम वेस्टिंगहाउस कंपनीला मिळाले होते. पण एकसंध काचेच्या बल्बचे पेटंट एडिसनच्या बाजूला! मग वेस्टिंगहाउसने बाटलीला बूच लावावे तसा काचेच्या बुचाचा दोन तुकड्यांचा दिवा काढला आणि त्याचे अडीच लाखांच्या आसपास नग बनवले. बुचातून हवा झिरपे, दिवे लवकर जात आणि ते बदलता बदलता माणसे दमून जात. पण प्रदर्शन झळाळून निघाले.

त्या काळी अमेरिकेत प्रत्येक मोठ्या कंपनीचा होल्डर निराळा होता. एडिसनचा बल्ब वेस्टिंगहाउसच्या होल्डरात बसत नसे, थॉमसन-ह्यूस्टनचा तिसऱ्याच कुणात बसत नसे. एकाचा दुसऱ्यात बसवायला मधले जोड विकले जात. मोबाईलचे चार्जर आठवा, म्हणजे लोकांची गंमत (की वैताग?) कळेल. हळूहळू एडिसनच्या आट्यांनी बाकीच्यांना मागे टाकले आणि अमेरिका व युरोपचा बराच भाग आट्यांचा झाला. इंग्लंड आणि त्याच्या छायेतले देश पिनेचे राहिले.

आपल्याकडे पिन कशी आली

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात १८८२ मध्येच विजेच्या दिव्यांचा करार झाला होता, पण ती कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आले. नंतर दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १० नोव्हेंबर १८९७ ला जलविद्युत केंद्र सुरू झाले. कोलकात्यात इमामबाग लेनच्या वीजकेंद्रातून १७ एप्रिल १८९९ पासून वीज मिळू लागली. बेंगळूरुत ५ ऑगस्ट १९०५ रोजी रस्त्यावरचे दिवे लागले. मुंबईची विजेची ट्राम ७ मे १९०७ ला धावली आणि टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली चालू झाले.

कोलकात्याची वीज कंपनी लंडनमध्ये नोंदलेली. मुंबईतही ब्रिटिश कंपनीच पुढे होती. सामान बोटीने विलायतेतून यायचे, त्यात बल्बही आले आणि होल्डरही. त्यामुळे पिन आपली झाली. शिवनसमुद्रच्या केंद्राची विजेची यंत्रे अमेरिकेतून आली होती, तरीही बेंगळूरुच्या घरांत शेवटी पिनेचाच होल्डर रुजला. वीज कुठल्या देशाच्या यंत्राने बनते यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानात कुठला बल्ब मिळतो, हे महत्त्वाचे ठरते. पुढे १९३२ साली कोलकात्यात बंगाल लॅम्प आणि १९३६ साली बेंगळूरुत म्हैसूर लॅम्प हे देशी कारखाने उभे राहिले. त्यांनीही बाजारात रुळलेल्या होल्डरांसाठीच बल्ब बनवले. स्वातंत्र्यानंतर पिनेच्या होल्डरसाठी आय. एस. १२५८ हे भारतीय मानक आले.

तीन कारखाने, तीन देश

आपल्यापैकी बहुतेकांना महाराष्ट्राबाहेर आणले ते कारखान्यांनी. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सरकारचे तीन पोलाद कारखाने उभे राहिले : राउरकेला जर्मनांच्या साहाय्याने, भिलाई सोव्हिएत रशियाच्या आणि दुर्गापूर इंग्रजांच्या. राउरकेलाची पहिली झोतभट्टी ३ फेब्रुवारी १९५९ ला, भिलाईची लगेच ४ फेब्रुवारीला आणि दुर्गापूरची २९ डिसेंबरला सुरू झाली. नोकरीच्या निमित्ताने या तिन्ही गावी माझे जाणे झाले. आमच्या धंद्यातल्या माणसाला तिथे एक गंमत दिसायची. जर्मनी आणि रशिया ही आट्यांची राष्ट्रे, इंग्लंड पिनेचे. त्यामुळे जर्मन-रशियन यंत्रांबरोबर आलेल्या दिव्यांना आटे, आणि क्वार्टरमध्ये घरी आले की डोक्यावर पिनेचा बल्ब! दुकानात गेले की शेठजी पहिला प्रश्न विचारायचे, "पिन वाला या चूड़ी वाला?" आपल्या घरातल्या नव्या सुनांना सुरुवातीला वाटे, दुकानदार बांगड्यांविषयी विचारतो आहे!

आट्यांचा एक दोष कारखान्यात चांगला कळतो. क्रेनसारख्या सतत हादरणाऱ्या जागी आट्यांचा बल्ब केसाकेसाने सैल होत जातो आणि एके दिवशी लुकलुकू लागतो. पिनेच्या होल्डरमधली स्प्रिंग बल्बला दाबून धरते, म्हणून हादऱ्याला पिन बरी. उलट मोठ्या वजनाच्या, खूप तापणाऱ्या दिव्याला आटे बरे, कारण धातूचा भरपूर स्पर्श मिळतो आणि स्प्रिंग मरण्याचा प्रश्न येत नाही. दोन्ही घराणी आपापल्या जागी थोर आहेत.

होल्डर मरतो कसा?

घरातला बल्ब वारंवार जात असेल, लुकलुकत असेल, हात लावला की लागतो आणि सोडला की जातो असे होत असेल, तर शंभरातल्या ऐंशी जणांचा संशय बल्बवर जातो. नवा बल्ब आणतात, दोन दिवस बरे चालते, पुन्हा तेच. अपराधी होल्डर असतो.

कारण आहे उष्णता. जुना शंभर वॉटचा बल्ब उलटा टांगला की त्याची गरम हवा सरळ वर होल्डरवर जाते. वर्षानुवर्षे शेकून स्प्रिंगेचा ताण जातो. ताण गेला की टोकाचा स्पर्श हलका होतो. स्पर्श हलका झाला की तिथे बारीक ठिणग्या पडतात. ठिणग्यांनी पितळी टोक खड्डेखड्डे होते, काजळी धरते, आणि त्यामुळे ते आणखी तापते. एकदा हे चक्र सुरू झाले की थांबत नाही. बल्बच्या तळाचे डाखाचे ठिपके पाहा : ते चपटे, काळे किंवा वितळलेले दिसले तर बल्ब बदलू नका, होल्डर बदला.

होल्डरचे अंग पूर्वी पितळेचे, आत चिनीमातीचे असे. लिओ बेकलंड याने १९०७ साली बेकेलाईट शोधले आणि काळे-तपकिरी होल्डर आले. बेकेलाईटचा गुण असा की ते तापले तरी मेणासारखे वितळत नाही. पण फार वर्षे शेकले की ठिसूळ होते, आणि मग बल्ब काढताना होल्डरची कडाच हातात येते. आता स्वस्तातले काही होल्डर साध्या प्लॅस्टिकचे निघाले आहेत. हातात घेऊन हलके वाटले तर परत ठेवा, आणि आय. एस. आय. ची खूण पाहूनच घ्या. होल्डरमध्ये दहा-वीस रुपये वाचवण्यात काही अर्थ नाही.

बदलण्याची रीत

हे काम मुळात वायरमनचे. पण आपल्या मंडळात हात घालणारे उत्साही पुष्कळ, म्हणून रीत लिहून ठेवतो.

नुसते बटण बंद करून भागत नाही, मेन बंद करा. मेनपाशी एक माणूस उभा ठेवा, नाहीतर "अरे, लाईट कशी गेली?" म्हणत कोणीतरी भला माणूस ती चालू करतो! मग होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावून पाहा. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये तपासलेला असावा, कारण बिघडलेला टेस्टरही पेटत नाही.

जुना होल्डर सोडवताना वायरीचे टोक करपलेले, कडक झालेले दिसेल. तेवढे कापून टाका आणि ताजे तांबे काढा, पण गरजेपुरतेच. स्क्रूखाली घालताना तारा पिळून दुहेरी करा. एकही तार बाहेर लोंबता कामा नये. दोन बाजूंच्या अशा दोन तारा भेटल्या की भडका ठरलेला. टांगता होल्डर असेल तर बल्बचे आणि शेडचे वजन स्क्रूवर येऊ देऊ नका. वायर आतल्या खुंट्यांना वळसा घालून किंवा गाठ मारून अडकवा, म्हणजे ओढ गाठीवर येते. होल्डर पितळी असेल तर त्याला अर्थिंग हवेच.

बल्ब फुटून टोपी आतच अडकली, तर मेन बंद करून पक्कडीने कड धरून फिरवा. अर्धा बटाटा खुपसून टोपी काढण्याची युक्ती काही जण सांगतात. बटाट्यात पाणी असते आणि पाण्यातून वीज वाहते. बटाटा वड्यासाठी ठेवावा हे उत्तम.

आणि कृपा करून होल्डरमध्ये जोड खुपसून इस्त्री किंवा हीटर चालवू नका. विजेच्या पहिल्या काळात घरात भिंतीवरचे प्लग नसत, तेव्हा लोक दिव्याच्या होल्डरमधूनच इस्त्री चालवत. ती सवय अजून गेलेली नाही. होल्डर दिव्याच्या प्रवाहासाठी बनवलेला असतो, शिवाय त्याच्या जोडाला अर्थिंग नसते.

दिवा लागत होता

आता जे सांगायचे म्हणून हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावातल्या मंडपात (गावाचे आणि मंडळाचे नाव लिहीत नाही) सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा बल्ब बदलताना गेला. दुसऱ्या दिवशी त्या लोकांनी मला वायरिंग बघायला बोलावले. पावसाने जमीन ओली होती. कमानीवर आट्यांचे होल्डर होते. मुलगा शहाणा होता. त्याने आधी बटण बंद केले होते, दिवाही विझला होता. मग त्याने बल्ब फिरवला आणि त्याचे बोट पितळी आट्यांना लागले.

वायरिंगमध्ये काहीही तुटलेले नव्हते, काहीही जळालेले नव्हते. फक्त कमानीची वीज दोन पिनांच्या प्लगमधून घेतली होती आणि तो प्लग त्या दिवशी उलटा बसला होता. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो! उलटा बसला की फेजची न्यूट्रल आणि न्यूट्रलची फेज होते. मग बटण तोडते ती न्यूट्रल, आणि फेज सरळ होल्डरच्या आट्यांपर्यंत जाऊन बसते. बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. सुलट किंवा उलट, दिवा दोन्ही वेळा तितकाच छान लागतो. आदल्या रात्री सगळे दिवे लागलेले पाहूनच मंडळी निश्चिंत झोपली होती.

त्या मुलाच्या वडिलांनी मला एकच विचारले : "बटण तर बंद होते ना?" मी हो म्हणालो. त्यांना फेज-न्यूट्रल समजावण्यात त्या वेळी काही अर्थ नव्हता. पण त्यानंतर मी आमच्या मंडळात तीन नियम केले आणि त्यावर कुणाशी वाद घातला नाही. बाहेरच्या कमानीला पिनेचेच होल्डर. दोन पिनांचा प्लग मंडपात आणायचाच नाही, तीन पिनांचाच. आणि बोर्डावर ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच असल्याशिवाय वीज चालू करायची नाही. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत गेली की हा स्विच निमिषार्धात मेन तोडतो. त्याची किंमत एका हारापेक्षा जास्त आहे, हे मला मान्य आहे.

माळेचा हिशोब

असाच एक हिशोब माळेचा. पूर्वी आपली पोरे सहा व्होल्टचे ३८ छोटे बल्ब एकामागून एक जोडून माळ करत. ३८ गुणिले ६ म्हणजे २२८, की माळ सरळ २३० व्होल्टवर. प्रत्येक बल्बला सहाच व्होल्ट, म्हणून लोकांना वाटे, याला हात लावला तर काय होते? पण एक बल्ब गेला की माळ तुटते, प्रवाह थांबतो आणि सगळेच्या सगळे २३० व्होल्ट त्या एका मेलेल्या होल्डरच्या दोन टोकांवर येऊन उभे राहतात. आणि आपण बोट घालतो ते नेमके तिथेच! एरवी जे होल्डर निरुपद्रवी, त्यातला जो मेला तोच मारतो. माळ दुरुस्त करायची तर आधी प्लग काढून.

झिरो वॉट ते एलईडी

मंडपाच्या शोभेसाठी पूर्वी रंगीत 'झिरो' बल्ब लावत. त्याला झिरो वॉट म्हणत, पण तो १५ वॉटच्या आसपास वीज खायचा. जुने चकतीचे मीटर इतका थोडा प्रवाह धड मोजत नसत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. दोनशे 'झिरो' म्हणजे ३००० वॉट. रोज पाच तास लावले तर १५ युनिट, दहा दिवसांत १५०. आज अर्ध्या वॉटचे तेवढेच एलईडी लावले तर दहा दिवसांत ५ युनिट होतात.

सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली आणि तिच्यात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब लोकांपर्यंत गेले. कार्बनची तार गेली, टंगस्टनची गेली, सीएफएलची वळवळीत नळी आली आणि गेली. पण या नव्या बल्बला टोपी दिली ती पिनेचीच, कारण कोट्यवधी घरांच्या छताला जुना होल्डर वाट पाहत होता. होल्डर बदलावा लागला असता तर ही योजना अशी घरोघर पोहोचली नसती. थंड एलईडीमुळे होल्डर आता पूर्वीसारखे शेकत नाहीत, त्यांचे आयुष्य वाढले आहे. मात्र बाजारात दिसणाऱ्या नव्या शोभेच्या दिव्यांना बऱ्याचदा आटे असतात. ते घ्या, सुंदर असतात. पण लावताना फेज मधल्या टोकाला आली आहे ना, हे वायरमनकडून पाहून घ्या. आणि बटण बंद केल्यावरही एलईडी मंद मंद मिणमिणत राहिला, तर बटण न्यूट्रलमध्ये तर बसले नाही ना, हेही तपासा.

असो. लेख लांबला. नव्या पिढीतल्या मुलामुलींना विनंती एवढीच, की या उत्सवात आरास, नाटक, ढोल यांच्यासाठी नावे द्याल तशी विद्युत समितीसाठीही द्या. आता माझ्याच्याने शिडी चढवत नाही. शिडीखाली उभा राहून जे ठाऊक आहे ते शिकवीन, मेनपाशी पहारा करीन. बाप्पाच्या मखरात एक दिवा कमी लागला तरी चालेल, पण विसर्जनाच्या दिवशी आपल्या हजेरीत एकही नाव कमी असता कामा नये.

मंगलमूर्ती मोरया!

— विद्युत समितीचा एक जुना कार्यकर्ता